अनमोड घाटापलीकडची धास्ती

पिरनवाडीवरून खानापूरकडे निघालेला रस्ता पुढे रामनगर गाठतो, अनमोड घाट उतरतो आणि गोव्यात शिरतो. मडगावच्या फातोर्डा मैदानावर फुटबॉलचा सामना बघायचा तर बेळगावकराला ही वाट सोयीची. सामना संपला की गाड्यावरचं रस-ऑम्लेट: शाकुतीच्या रश्श्यात बुडालेलं, वर चिरलेला कांदा, सोबत पाव.

त्या मैदानाचा लाडका संघ म्हणजे धेंपो. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली त्याने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं खेचून आणली. मग २०१४-१५चा हंगाम आला आणि धेंपो आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या अव्वल राष्ट्रीय साखळीतून, खाली घसरला. गंमत (की थट्टा?) अशी, की गुणतक्त्यात तळाला पुण्याचा भारत एफसी होता, पण त्याला थेट प्रवेशाबरोबर घसरणीतून सूटही मिळालेली.

धेंपोने पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून परतीचा हक्क मिळवला. पण इंडियन सुपर लीगला (आयएसएल) वरचं स्थान देण्याचा बेत जाहीर झाला, आणि २०१६मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही संघांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. त्या आयएसएलमध्ये घसरण नव्हतीच. शेवटच्या सामन्यापर्यंत जीव टांगणीला लागणार कुठून?

धेंपो आय-लीगमध्ये परतला तो थेट २०२४-२५च्या हंगामात.