विज्ञानाध्यापनातील संदर्भाचे स्थान : मराठवाड्याच्या इतिहासातील एक धडा

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे 2023 सालापर्यंत औरंगाबाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नगरात, खाम नदीच्या काठी पाणचक्की आहे. उत्तरेकडील डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणावयाचे, ते उंचावर चढवावयाचे आणि तेथून खाली सोडून त्याच्या जोरावर जाते फिरवावयाचे, अशी तिची योजना. तिच्याही आधी, सतराव्या शतकाच्या आरंभी, मलिक अंबराने या नगरास भूमिगत नहरीने पाणी पुरविले होते. द्रवाचा दाब, पाण्याची समपातळी, उंचीवरील पाण्यात साठलेली ऊर्जा आणि तिचे गतीत होणारे रूपांतर, हे पदार्थविज्ञानातील पाठ या नगराच्या भूमीतच मांडलेले आहेत. परंतु डोळ्यांपुढील वस्तू आणि पुस्तकातील सिद्धान्त यांची गाठ विद्यार्थ्याच्या मनात आपोआप पडत नाही. ती पाडावी लागते. ही गाठ पाडणारी जी सामग्री, म्हणजे विद्यार्थ्याची भाषा, त्याचा परिसर आणि त्याचे पूर्वज्ञान, तिलाच प्रस्तुत लेखात 'संदर्भ' म्हटले आहे.

या दृष्टीने मराठवाड्याचा शैक्षणिक इतिहास विशेष बोधप्रद आहे. निजामाच्या राज्यात 1917 साली भाषांतर विभाग आणि 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून इंग्रजीऐवजी उर्दूचा स्वीकार झाला आणि गणित, पदार्थविज्ञान, रसायन, किंबहुना वैद्यकदेखील, एका भारतीय भाषेत शिकविण्याचा मोठा प्रयोग सुरू झाला. या प्रयोगाशी औरंगाबादचा संबंध निकटचा होता. 1923 साली येथे उस्मानियाचे इंटरमीजिएट कॉलेज निघाले. मौलवी अब्दुल हक यांच्या चिटणीसपदाच्या काळात अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय दीर्घकाळ याच नगरात होते. परिभाषा कशी घडवावी याचा ऊहापोह करणारा वहीदुद्दीन सलीम यांचा ग्रंथ 1921 साली याच संस्थेने प्रसिद्ध केला. केवळ अरबीवर विसंबून न राहता उर्दूच्या देशी प्रकृतीलाही परिभाषेत स्थान असावे, असा त्यांचा आग्रह होता. परकी भाषेचे जोखड दूर सारून आधुनिक विज्ञान देशी भाषेत आणण्याचा हा उद्योग निःसंशय थोर होता.

तथापि प्रश्न असा की, ही देशी भाषा कोणाची? मराठवाड्यातील बहुसंख्य मुलांची घरची भाषा मराठी होती. त्रिकोणास 'मुसल्लस' आणि कोनास 'जाविया' असे संबोधिले जात असे. अरबीचा संस्कार ज्याच्या घरात होता त्यास 'मुसल्लस' या शब्दातील 'तीन' ही संख्या दिसत असे. मराठी मुलास मात्र ती दिसत नव्हती. त्याच्या लेखी तो शब्द म्हणजे निव्वळ पाठ करावयाचा ध्वनी. 'तीन कोन ज्यास आहेत तो' हा अर्थ त्याच्या हाताशी असूनही शाळेने तो वापरला नाही. येथे दोष उर्दूचा नव्हे. उर्दूभाषी विद्यार्थ्यास तिने विज्ञानाचे दार उघडून दिले, हे मान्य केलेच पाहिजे. दोष होता तो एका समाजाचा संदर्भ सर्वांचा संदर्भ म्हणून गृहीत धरण्याचा. औरंगाबादेत 1915 साली सुरू झालेली सरस्वती भुवन शाळा, 1917 सालची अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, यांसारख्या खासगी संस्थांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. उस्मानियातील उच्च शिक्षणाचे माध्यम त्यानंतर इंग्रजी झाले. मराठवाड्यातील शालेय शिक्षण मराठीत येऊ लागले आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. माध्यमाचा प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक होते. वस्तुतः तो अर्धाच सुटला. 'मुसल्लस' जाऊन 'त्रिकोण' आला हे ठीकच झाले. परंतु त्याच्यामागून 'उत्प्लावक बल', 'प्रकाशसंश्लेषण', 'विशिष्ट गुरुत्व' असे शब्द आले. ज्याच्या घरात संस्कृतप्रचुर मराठीचा वावर होता त्यास त्यांतील अवयव ओळखू आले. ज्याचे आईबाप शेतमजूर, ज्याच्या वस्तीत पहिल्या अक्षरासच उशीर झालेला, त्याला हे शब्द 'मुसल्लस'इतकेच परके होते. एके काळी जो अन्याय आपल्यावर झाला म्हणून आपण तक्रार केली, तोच आपण आपल्यातील दुर्बलांवर नकळत करीत आहोत काय, हा प्रश्न मराठी भाषकाने स्वतःस विचारला पाहिजे.

या शंकेस प्रयोगाचा आधार आहे. मुंबईत 1974 साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. विज्ञानाचा आशय तसाच ठेवून केवळ पाठ्यपुस्तकाची मराठी सोपी केली असता विद्यार्थ्यांचे आकलन सुधारते, असे या कार्यातून दिसून आले. पुढे मुंबईच्या महानगरपालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या कामातही भाषेच्या विकासावर भर दिला गेला आणि त्यांची शालेय प्रगती लक्षणीयरीत्या वाढली. ज्यास बुद्धीची उणीव समजले जात होते, ती पुष्कळ अंशी संदर्भाची उणीव होती.

आता यंत्राकडे वळू. विद्यार्थ्यानुरूप शिकविणारे यंत्र बनविण्याची कल्पना काही आजची नव्हे. 1954 साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी अध्यापनयंत्राचा पुरस्कार केला. त्यात प्रत्येकाची गती स्वतंत्र होती, परंतु पाठांचा क्रम सर्वांस एकच. 1960 साली इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' ही संगणकाधारित अध्यापनव्यवस्था सुरू झाली. 1978 साली ब्राउन आणि बर्टन यांनी याहून सूक्ष्म मुद्दा मांडला. 52 मधून 27 वजा करताना एखादा मुलगा 35 असे उत्तर देतो. ही बेपर्वाई नव्हे. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावा, असा नियम त्याने मनाशी बांधलेला असतो. ही चूक हुडकू शकेल असा संगणकीय कार्यक्रम त्यांनी रचला. उत्तर चूक ठरविणे सोपे. ते उत्तर ज्या विचारातून आले तो विचार जाणणे, हे खरे अनुकूलन होय.

आपल्या देशातही याचा पडताळा आला आहे. दिल्लीत 2015 साली 'माइंडस्पार्क' या संगणकीय व्यवस्थेची परीक्षा झाली. इयत्तेच्या अभ्यासक्रमाऐवजी मुलाच्या प्रत्यक्ष पातळीपासून आरंभ केल्याने साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत स्पष्ट प्रगती आढळली. मात्र पातळी हे संदर्भाचे एकच अंग आहे. भाषा आणि परिसर ही अंगे उरतातच. आजचे भाषिक संगणक प्रचंड लिखित मजकुरावरून शिकतात. इंग्रजीच्या मानाने मराठीचा मजकूर अल्प, आणि त्यातही मराठवाड्यातील शेताशिवारांची बोली अत्यल्प. मोटेची 'धाव' म्हणजे उतरण. उतारावरून बैल चालले की त्यांचे वजनही पाणी ओढण्यास साह्य करी. उतरणीचा सिद्धान्त शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचित सापडेल. परंतु हा शब्द ज्या यंत्राच्या संचितातच नाही, ते यंत्र हे उदाहरण कोठून देणार? विद्यार्थ्याशी जुळवून घेण्याच्या नावाखाली ते दुसऱ्याच कोणा मुलाचा संदर्भ त्याच्यापुढे ठेवील. उस्मानियाच्या काळी जे पाठ्यपुस्तकाने केले, तेच उद्या संगणक अधिक सफाईने करील.

याच नगरात 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. त्यास पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळाले. ज्या पाली संवादावरून हे नाव आले, त्यातील नागसेनाची रीत येथे स्मरते. राजा मिलिंदास एक अवघड तत्त्व पटवून द्यावयाचे होते, तेव्हा नागसेनाने राजा ज्या रथातून आला त्या रथाचेच उदाहरण घेतले. आस म्हणजे रथ काय? चाक म्हणजे रथ काय? प्रश्न राजाच्या अनुभवातून निघाले, म्हणून उत्तरही त्याचे स्वतःचे झाले. मात्र हाच रथ ज्याने कधी पाहिला नाही त्याच्यापुढे उभा करण्यात अर्थ नव्हता.

सारांश, शिक्षक असो वा संगणक, शिकणारा कशातून आला आहे हे प्रथम विचारल्यावाचून अध्यापन सफल होत नाही. मराठवाड्याने ही गोष्ट एकदा विद्यार्थी म्हणून सोसली आहे. ज्यांच्या हाती आज पाठ्यपुस्तके, परिभाषाकोश आणि संगणकांसाठी जमविला जाणारा मजकूर आहे, त्यांनी ती शिक्षक म्हणून स्मरणात ठेवावी. पाणचक्कीचे पाणी अजून आपल्या जागी आहे. त्याची ओळख वर्गातील मुलास त्याच्याच शब्दांत करून देणे, एवढे काम शिल्लक आहे.