वायरीच्या टोकाचे घर

दूरचित्रवाणीचा इतिहास वाहिन्यांच्या नावांनी सांगितला जातो. तो वायरीच्या लांबीनेही सांगायला हवा. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा ज्याचा टीव्ही त्याचा अँटेना. १९९१च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि मुंबईपासून विरारपर्यंत एका डिशवरून शेकडो घरांत केबल गेली, गच्चीवरून गच्चीवर.

तांब्याच्या केबलमध्ये सिग्नल अंतरागणिक क्षीण होतो. वाटेत अँप्लिफायर बसवत. पण प्रत्येक अँप्लिफायर चित्राबरोबर खरखरही वाढवी. महिन्याचे पैसे सारखेच, तरी टोकाच्या घरी पडद्यावर मुंग्या.

२०११च्या कायदादुरुस्तीने हे बदलले. १ नोव्हेंबर २०१२पासून मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, पुढे इतरत्रही. डिजिटल चित्र पोचते तिथवर स्वच्छ असते. सिग्नल फारच घटला, तर चौकोन पडून गोठते. शिवाय सिग्नल कुलूपबंद असल्याने केबलवाल्याच्या वहीबाहेरचे प्रत्येक घर मोजणीत आले. स्वच्छ चित्र आणि चोख हिशेब एकाच डब्यातून आले.

आता फायबरमध्ये प्रकाश काचेच्या स्प्लिटरने वाटला जातो. तिथे अंतरापेक्षा गर्दी आडवी येते. टोकाचे घर बदलले, वाटपाचा प्रश्न तोच राहिला.