पडदा आणि तारीख
भाऊबंदकी ही काही आम्ही विलायतेहून आणलेली नाही. हॅरॉल्ड पिंटरने १९६५ साली ‘द होमकमिंग’मध्ये बाप आणि मुलगे एका घरात झुंजवले, त्याचं केवढं कौतुक! अहो, आमच्या खाडिलकरांनी पेशव्यांच्या घरातलं भांडण १९०९ सालीच रंगभूमीवर आणलं, आणि नावही सरळ ‘भाऊबंदकी’ ठेवलं. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त (१९७०) तर पैशासाठी मुलं बापाच्याच जिवावर उठतात. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) वडिलांच्या तेराव्याच्या खर्चावरून भाऊ-भाऊ हिशेबाला बसतात, बाहेर ट्रॅक्टर गंजत पडलेला.

आम्हां पनवेलकरांना हे बघायला तिकीट लागत नाही. १९७० साली सिडको निघाली आणि हळूहळू भाताच्या खाचरांना सोन्याचा भाव आला. तोवर बहिणीला भाऊबीजेला ओवाळणी मिळे. मग सहीसाठी हक्कसोडपत्रही मिळू लागलं. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली दिल्लीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच वाटा दिला. पण पेन पुढे करणारा भाऊ काही हटत नाही, आणि ‘माहेर तुटेल’ म्हणून सही करणारी बहीणही.

नाटकात तीन तासांनी पडदा पडतो. आमच्याकडे नुसती तारीख पडते.