देवघरातला हाली रुपया कसा वाचावा? एक अक्षर, दोन साले

१/ हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव या भागातील जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात फारसी अक्षरांचा एखादा चांदीचा रुपया आजही दिसतो. त्यावर १३१८ हा आकडा ओळखता आला, की ‘सातशे वर्षांपूर्वीचे नाणे’ ही आख्यायिका जन्म घेते. काहीच ओळखता आले नाही, तर ते चांदीच्या भावाने मुशीत जाते. दोन्ही प्रकारांत घराचा एक पुरावा हरवतो.

२/ चांदीवरील खुणा वाचण्याची सर्वांत प्रसिद्ध परंपरा इंग्लंडची. कारागिराची आद्याक्षरे, शुद्धतेचा सिंह, तपासणी झालेल्या शहराची खूण आणि दरवर्षी बदलणारे वर्षाक्षर, एवढ्यावरून चमच्याचे जन्मसाल सांगता येते. लंडनमध्ये वर्षाक्षर १४७८ पासून चालत आले आहे. ‘हॉलमार्क’ हा शब्दही तिथल्या गोल्डस्मिथ्स हॉलवरूनच आला.

३/ कोणी घडवले, कुठे, केव्हा आणि किती कसाचे? निजामाच्या राज्यात राहिलेल्या आपल्या भागात या चारही प्रश्नांची उत्तरे देणारी चांदीची वस्तू म्हणजे हाली सिक्का.

४/ प्रथम साल. नाण्यावरील मोठे साल हिजरी असते. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने त्यात नुसते ६२२ मिळवून भागत नाही. हिजरी सालाला ०.९७ने गुणावे आणि मग ६२२ मिळवावेत. १३१८चे उत्तर १९०० येते. ‘सातशे वर्षांचे’ नाणे प्रत्यक्षात सव्वाशे वर्षांचे ठरते.

५/ आकड्यांत फसगत होते ती दोन ठिकाणी. फारसी शून्य म्हणजे केवळ टिंब; जो गोलाकार, खाली किंचित दबलेला आकडा आपल्याला शून्य वाटतो, तो पाच असतो. इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो तो सात आणि त्याचाच उलटा आकार म्हणजे आठ. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली, तरी आकडे आपल्यासारखेच डावीकडून वाचायचे.

६/ काही नाण्यांवर वरच्या बाजूस सुटा ९२ दिसतो. ते साल नव्हे. अबजद पद्धतीत प्रत्येक अक्षराला मूल्य असते. मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज ९२ होते.

७/ आता अक्षर. निजामाच्या नावाचे आद्याक्षर नाण्यावर घातले जाई. नून म्हणजे नासिरुद्दौला (१८२९–५७), अलिफ म्हणजे अफजलुद्दौला (१८५७–६९), मीम म्हणजे महबूब अली खान (१८६९–१९११), ऐन म्हणजे उस्मान अली खान. विसाव्या शतकाच्या आरंभी नाण्यावर चारमिनार आला, तेव्हा हे अक्षर त्याच्या मधल्या कमानीत जाऊन बसले.

८/ दुसऱ्या बाजूस ‘जुलूस’ या शब्दासोबतचा लहान आकडा राज्यारोहणापासूनचे वर्ष सांगतो. हिजरी साल, राज्यवर्ष आणि अक्षर एकमेकांशी जुळले पाहिजेत. १३१८ सालाच्या रुपयावर ऐन दिसला, तर शंका घ्यावी. उस्मान अली गादीवर आले १३२९मध्ये. टांकसाळीचे नावही याच बाजूस असते. ‘फर्खुंदा बुनियाद’ हे हैदराबादचे बिरुद, तर ‘खुजिस्ता बुनियाद’ हे औरंगाबादचे.

९/ सर्वांत बोलका बदल १८५७च्या उठावानंतरचा. तोवर निजाम प्रत्यक्षात स्वतंत्र असूनही नाणे दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पाडीत. त्यांचे स्वतःचे अस्तित्व त्या एका अक्षरापुरते होते. बहादुरशाह जफर पदच्युत झाले आणि हिजरी १२७५च्या सुमारास बादशहाचे नाव जाऊन ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह’ हा किताब आला. दिल्लीतील सत्तांतर असे आपल्या खेड्यापाड्यांतील कनवटीपर्यंत पोहोचले.

१०/ उरला कस. १८५३नंतर शेजारचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. वाशीमकडे कलदार, हिंगोलीकडे हाली, अशी सीमा पडली. कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि ९१.७ टक्के शुद्ध. यंत्रावर पाडलेला चारमिनारी हाली सुमारे ११.१८ ग्रॅमचा आणि ८१.८ टक्के शुद्ध. म्हणजे निव्वळ चांदी अनुक्रमे १०.६९ आणि ९.१४ ग्रॅम. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा ठरलेला दर या गुणोत्तराशी जवळपास तंतोतंत जुळतो.

११/ हातोड्याने पाडलेल्या जुन्या नाण्यांत ठसा मोठा आणि चकती लहान असे, म्हणून निम्मी अक्षरे बाहेरच राहत. त्यांवरील बारीक खाचा बहुधा सराफांनी कस पाहताना मारलेल्या असतात. त्यांना दोष समजून नाणे घासू नये. त्या त्याच्या प्रवासाच्या नोंदी आहेत.

१२/ मोडीला जाणारा प्रत्येक रुपया कोणी अडवू शकत नाही. लग्न, दवाखाना, पेरणी यांची गरज खरी असते. पण त्याआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, वजन टिपावे आणि तो कोणाकडून आला हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. चांदी पुन्हा विकत घेता येते. त्या दोन सालांशी जोडलेले आजीचे नाव मात्र मुशीतून परत येत नाही.