पाहुणीची खुर्ची

मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए नावाची मोठी कलासंस्था आहे. तिथे २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद सुरू झाला. अशा वाद्यवृंदाच्या पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात येते, तेव्हा पुष्कळदा खाली लिहिलेलं असतं, पाहुणे पियानोवादक अमुक अमुक. आमच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, एवढी माणसं वाजवायला असताना पियानोला बाहेरचा पाहुणा कशाला? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधताना आम्हाला एक बाई भेटली, तिची हकीकत आज सांगतो.

आधी थोडं समजून घेऊ. सिम्फनी ऑर्केस्ट्रात साठ, ऐंशी, कधी शंभर वादक असतात. निम्म्याहून जास्त व्हायोलिनच्या जातीची वाद्यं, बाकी बासऱ्या, आपल्या बँडवाल्यांकडे असतात तसली पितळी वाद्यं, आणि मागे नगारे. पियानोच्या पट्ट्या पेटीसारख्या दिसतात, पण आत भाता नाही. पट्टी दाबली की छोटी हातोडी तारेवर पडते. कॉन्चेर्टो नावाच्या रचनेत एकटा पियानो एका बाजूला आणि सगळा वाद्यवृंद दुसऱ्या बाजूला असतो. भजनात बुवा एक ओळ घेतात आणि टाळकरी ती उचलतात, साधारण तसं. हा बुवा नेहमीच्या वादकांतला नसतो. तो तेवढ्या कार्यक्रमापुरता बोलावलेला असतो.

आता ती बाई. जर्मनीत लाइपझिग नावाचं शहर आहे. तिथल्या कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत गाण्याबजावण्याचं सभागृह होतं, गेवांडहाउस. १८२८ साली तिथे नऊ वर्षांची एक मुलगी पियानोवर बसली. तिचं नाव क्लारा वीक. आईही गाणारी, वाजवणारी. पण नवराबायकोचं पटलं नाही, आई घर सोडून गेली आणि त्या वेळच्या कायद्याने मुलगी बापाची ठरली. बाप पियानो शिकवायचा आणि विकायचाही. त्याने मुलीला घडवलं यात शंका नाही. पण त्याने तिची रोजनिशीसुद्धा स्वतःच लिहायला घेतली. तीत ‘मी’ म्हणजे क्लारा, आणि हात बापाचा! कागदावर सही बाईची आणि मजकूर दुसऱ्याचा, हे आपण पाहिलेलं आहे.

१८३५ च्या नोव्हेंबरात त्याच सभागृहात क्लाराने स्वतः रचलेला कॉन्चेर्टो वाजवला. वय सोळा. वाद्यवृंद चालवायला उभा होता मेंडेलसोन, त्या काळचा फार मोठा संगीतकार. मुख्य खुर्चीवर पोरगी, रचना पोरीची, आणि तिच्या मागे वाजवणारे सगळे पुरुष.

पुढे रॉबर्ट शूमान या संगीतकाराशी लग्न करायचं तिने ठरवलं. बापाचा नकार. प्रकरण कोर्टात गेलं. त्याआधी बाप सोबत आला नाही म्हणून ती एकोणीस वर्षांची असताना त्याच्याशिवाय पॅरिसला गेली आणि कार्यक्रमांची जुळवाजुळव तिने स्वतः केली. कोर्टाने परवानगी दिली आणि १८४० साली, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लग्न झालं.

मग संसार. नवरा रचना करायला बसला की घरात शांतता पाहिजे, म्हणजे हिचा रियाझ बंद. आठ बाळंतपणं झाली, एक मूल लहानपणीच गेलं. १८४९ मध्ये ड्रेस्डेन शहरात बंड झालं तेव्हा नवऱ्याला आणि थोरल्या मुलीला गावाबाहेर सुरक्षित ठेवून ती मागे राहिलेल्या मुलांना आणायला रातोरात शेतांतून परत गेली. तेव्हा सातवा महिना होता.

१८५४ मध्ये रॉबर्टचं मन पार बिघडलं. त्याने ऱ्हाइन नदीत उडी टाकली. वाचवला, पण नंतर तो मनोरुग्णालयातच राहिला. डॉक्टरांनी दोन वर्षांहून जास्त काळ तिला भेटू दिलं नाही. तो जाण्याच्या दोन दिवस आधी तिने त्याला पाहिलं. १८५६ मध्ये ती विधवा झाली. वय छत्तीस, पदरात सात मुलं.

मित्रमंडळी मदत गोळा करायला तयार होती, तिने नको म्हटलं. ती गावोगाव वाजवायला निघाली. मुलं कुठे नातेवाइकांकडे, कुठे पैसे देऊन ठेवलेली. याबद्दल लोक तिला आजही नावं ठेवतात. आम्हाला ते पटत नाही. कमवायला परगावी गेलेल्या बापाला कोण नावं ठेवतं? जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया, आणि इंग्लंड तर कितीदा तरी. तिच्या कार्यक्रमांच्या सुमारे १३०० छापील पत्रिका तिने जपून ठेवल्या होत्या. पुढे नातवंडांचा भारही तिनेच उचलला. १८९१ पर्यंत ती लोकांसमोर वाजवत होती. १८९६ मध्ये ती गेली. जर्मनीत १९९० पासून युरो येईपर्यंत शंभर मार्कच्या नोटेवर क्लाराबाईंचंच चित्र होतं. नोटेच्या मागे पियानो.

पण आम्हाला अडलं ते इथे. एवढा मान, तरी ज्या वाद्यवृंदांबरोबर ती वाजवायची त्यांत कायमची जागा बाईला मिळत नव्हती. पाहुणी येते, टाळ्या घेते, तिचं मानधन घेऊन जाते. सभासद म्हटला की पगार आला, रजा आली, निवृत्तिवेतन आलं, मतही आलं. आपल्याकडे धार बाई काढते, आणि दूध डेअरीत सभासद म्हणून नाव मालकांचं, तसलाच हा प्रकार.

बर्लिनच्या नामांकित वाद्यवृंदात पहिली बाई १९८२ मध्ये आली. व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाने तर १९९७ पर्यंत दार उघडलं नाही. बाळंतपणाच्या रजेची अडचण सांगितली जाई. क्लाराबाई दिवस गेलेले असतानाही वाजवत होत्या, ते चालत होतं, कारण त्यांना रजा द्यायची वेळ कुणावर येणार नव्हती. व्हिएन्नात ॲना लेल्केस नावाच्या बाई वीस वर्षांहून जास्त काळ हार्प वाजवत होत्या, म्हणजे उभ्या तारांचं मोठं वाद्य. वाजवायला हव्या होत्या, पण सभासद नव्हत्या. छापील पत्रिकेत त्यांचं नाव कित्येक वर्षं नसायचं. १९९७ च्या फेब्रुवारीत त्या पहिल्या सभासद झाल्या.

अमेरिकेत १९७० नंतर एक साधा उपाय पसरला. वादक निवडताना मध्ये पडदा लावायचा, काही ठिकाणी खाली गालिचासुद्धा टाकायचा, म्हणजे चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये. बायकांची संख्या वाढली. पडद्यामुळे बाई आत आली, हे ऐकून आमच्या बैठकीत बराच हशा झाला.

मुंबईच्या वाद्यवृंदात आज व्हायोलिनच्या रांगांत बायका बसलेल्या दिसतात.

आता क्लाराबाईंच्या त्या सोळाव्या वर्षीच्या कॉन्चेर्टोचा मधला भाग ऐकवतो. त्यात जवळजवळ सगळा वाद्यवृंद गप्प बसतो. पियानो बोलतो, आणि त्याला साथ देतो एकच चेलो, व्हायोलिनचा मोठा भाऊ. कामं हातावेगळी करता करता ऐका.