लेसोथोतील ग्रामीण दारिद्र्यनिवारण

दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताकाने चोहोबाजूंनी वेढलेल्या लेसोथो या डोंगराळ राष्ट्रातील दुर्बल ग्रामीण कुटुंबांच्या साहाय्याचे प्रयत्न. येथील दारिद्र्य केवळ निसर्गदत्त नाही. जमिनीचा लोप आणि मजुरांचे स्थलांतर ही त्याची प्रमुख ऐतिहासिक कारणे होत.

एकोणिसाव्या शतकात राजा पहिला मोश्वेश्वे याने सोथो लोकांना एकत्र आणले; तथापि ऑरेंज फ्री स्टेटमधील बोअरांशी झालेल्या युद्धांत सुपीक प्रदेश गेला. १८६८ मध्ये ब्रिटिश संरक्षण लाभले. परंतु १८६९ च्या करारान्वये कॅलेडन नदीच्या पश्चिमेकडील जमीन बोअरांकडेच राहिली. किंबर्लीच्या हिरेखाणींना धान्य पुरविणारे सोथो शेतकरी पुढे परदेशी स्वस्त धान्याची स्पर्धा, बुळकांडीची साथ, झोपडी कर व जमिनीची धूप यांमुळे खचले. पुरुष खाणकामास जाऊ लागले आणि शेती स्त्रिया, मुले व वृद्धांवर पडली. विवाहित स्त्रियांना मात्र कायद्याने अज्ञानाचाच दर्जा होता. तो २००६ च्या कायद्याने संपला.

१९६६ मधील स्वातंत्र्यानंतरही हीच अर्थव्यवस्था टिकली. जागतिक बँक व कॅनडा यांच्या साहाय्याने १९७५ ते १९८४ या काळात राबविलेल्या थाबा-त्सेका प्रकल्पाचा भर शेती व पशुपालन बाजाराभिमुख करण्यावर होता. तथापि खाणमजुराच्या दृष्टीने गुरे ही विक्रीची वस्तू नसून, वेतनातून साठविलेली म्हातारपणाची पुंजी होती. त्यामुळे हा प्रयत्न फारसा यशस्वी झाला नाही.

१९८० नंतरच्या दशकात एक लाखाहून अधिक सोथो पुरुष खाणींत होते. १९९० नंतर सोन्याच्या खाणींतील नोकरकपातीने हा आधार तुटला. त्यातच एड्सच्या साथीमुळे असंख्य मुले पोरकी होऊन आजीआजोबांच्या आश्रयास आली. नोव्हेंबर २००४ पासून शासनाने सत्तर वर्षांवरील वृद्धांना, अन्य शासकीय निवृत्तिवेतन नसल्यास, दरमहा १५० मालोटी देण्यास प्रारंभ केला. याचा खर्च देशाच्या स्वतःच्या उत्पन्नातून केला गेला, ही विशेष उल्लेखनीय बाब होय. हा पैसा अनेक घरांत नातवंडांचे अन्न व शिक्षण यांकडे वळला.

२००९ मध्ये यूरोपीय संघाचा निधी व युनिसेफचे तांत्रिक साहाय्य यांतून निर्धन कुटुंबांतील मुलांसाठी अनुदान सुरू झाले. प्रारंभी दर तिमाहीस ३६० मालोटी मिळत. पाहणीत शालेय गणवेश व पादत्राणे असलेल्या मुलांचे प्रमाण वाढल्याचे आढळले. कुटुंबाच्या एकूण दारिद्र्यात मात्र लक्षणीय घट दिसली नाही. अशा रकमांनी उपासमार व शाळागळती यांना काहीसा आळा बसतो. परंतु गेलेली जमीन व बंद पडलेली मजुरी यांची भरपाई त्यांतून होत नाही.