पेटी-तबल्यामागची वही

गेल्या महिन्यात आपल्या एका गटातल्या ताईंनी आम्हाला एक प्रश्न विचारला. त्यांची मुलगी बी.कॉम. झालेली, घरी लहान बाळ. सोलापुरातल्या एका गाण्याच्या क्लासनं तिला काम देऊ केलं होतं. गावात घरी बसूनच फोन उचलायचे, फी आली का बघायचं, मुलांच्या पालकांना निरोप द्यायचे, परीक्षेचे फॉर्म भरायचे. अशा माणसाला आता ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात, म्हणजे दुरून काम करणारा मदतनीस. क्लास म्हणाला, महिना हजार रुपये देऊ. ताईंचा प्रश्न होता, “हे बरोबर आहे का? मागायचं तर किती मागायचं?”

आम्हालाही लगेच उत्तर सुचलं नाही. मग आम्ही ठरवलं, आधी मागं वळून बघू. गाण्याच्या शाळेची वही आजवर कोण लिहीत आलं, आणि त्याचे पैसे कोणी दिले?

पूर्वी गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं. पाणी भरायचं, झाडलोट करायची, गुरू शिकवतील तेव्हा शिकायचं. तिथं फी नव्हती, हजेरी नव्हती, म्हणून वहीही नव्हती. शाळा आली तशी वही आली. 1886 साली बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली. तिथं खर्चाची काळजी संस्थानाला होती. पगार दरबारातून निघे, हिशोबही दरबारीच.

ज्याच्या मागं राजा नव्हता त्याचं काय? त्यासाठी आपल्याच भागातल्या एका माणसाची गोष्ट बघावी लागते. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 1872 साली कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले. 1901 साली मे महिन्यात त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. सुरुवातीला विद्यार्थी येईनात. पण बुवा हटले नाहीत. त्यांनी वर्ग पाडले, अभ्यासक्रम ठरवला, परीक्षा घेतल्या, पुस्तकं छापली. त्यासाठी स्वतःचा छापखाना घातला. गाणं सामान्य घरातल्या मुलामुलींनी शिकावं, गाणाऱ्याला मान मिळावा, ही त्यांची धडपड.

आता विचार करा, या सगळ्याला किती लिखापढी लागली असेल! प्रवेश, फी, पत्रं, वर्गणी, पुस्तकांची विक्री. बुवांची नजर अधू. शिष्य शाळेतच राहायचे, जेवायचे, शिकायचे, आणि त्या बदल्यात काही वर्षं शाळेचं काम करायचे. म्हणजे ते काम फुकट नव्हतं. त्याची किंमत जेवणात आणि विद्येत दिली जात होती. फक्त ती पैशात मांडलेली नव्हती.

1908 साली बुवा मुंबईला आले. शाळा वाढली. सँडहर्स्ट रोडला मोठी इमारत उभी राहिली, तीही कर्ज काढून. कर्ज फेडायला बुवा गावोगाव जलसे करत. पण जलशाची कमाई कधी येते, कधी येत नाही. व्याज मात्र दर महिन्याला येतंच. हे आपल्याला, बचत गटातल्या बायकांना, कोणी शिकवायला नको! अखेर 1924 च्या सुमारास ती इमारत कर्जापायी गेली. बुवा नाशिकला राहिले, आणि 1931 च्या ऑगस्टमध्ये मिरजेला वारले.

पण शाळा मेली नाही. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. पुढच्या वर्षी विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्याला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. इमारत गेली, पण अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्रं ही शिस्त उरली. आज आपल्या तालुक्यातली पोर प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढते, ती याच शिस्तीतून. म्हणजे बघा, गाण्याची शाळा गळ्यावर चालते तशी वहीवरही चालते.

आणि त्या वहीवर आज आपल्या मुलांचंही काही अवलंबून आहे. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यासाठी कागद वेळेत शाळेमार्फत जावे लागतात. आमच्या माहितीतल्या एका मुलीचा फॉर्म एका क्लासनं वेळेत भरलाच नाही. सर शिकवण्यात गुंतलेले, त्यांच्या पत्नी स्वयंपाक आणि फोन दोन्ही बघत होत्या. त्यात तारीख निघून गेली. पोरीचं वर्ष मागं पडलं. दोष कुणाला द्यायचा? ज्या कामाला माणूसच नेमला नव्हता, ते काम राहिलं.

बहुतेक छोट्या क्लासांत ही वही घरातली बाईच लिहिते. तिला पगार नसतो, म्हणून ‘आमच्याकडे ऑफिसचा खर्च काहीच नाही’ असं सांगितलं जातं. खर्च असतो. तो फक्त तिच्या अंगावर पडतो.

आता ‘घरी बसून काम’ ही गोष्ट सोलापूरला नवी आहे का? मुळीच नाही. आपल्या शहरात हजारो बायका पिढ्यान् पिढ्या घरी विड्या वळत आल्या. पानं, तंबाखू घरी आणायची, मांडीवर सूप घेऊन बसायचं, दर हजारी मजुरी. घर मालकाचं नाही, दिवा मालकाचा नाही, पाठदुखी मालकाची नाही. वर विडी बसली नाही म्हणून छाट निघायची, तिचे पैसे गेले. ‘घरी तर बसलेली असतेस’ या एका वाक्यानं मजुरी खाली ओढली गेली.

बायका लढल्या. 1966 साली विडी कामगारांसाठी कायदा झाला. त्यात घरी काम करणारीलाही कामगार मानलं गेलं. ओळखपत्र, फंड हे शब्द घरात आले. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. 1996 साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय करारही झाला. भारतानं त्यावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. पण विडीच्या सुपानं आपल्याला एक धडा दिला: काम घरात होतं म्हणून ते स्वस्त होत नाही. त्याचा खर्च मालकाकडून उठून बाईच्या घरात येऊन बसतो.

हा धडा घेऊन आम्ही त्या ताईंच्या मुलीबरोबर हिशोबाला बसलो. पहिले पंधरा दिवस तिला वेळ लिहून ठेवायला सांगितलं. सकाळी अर्धा तास फोन आणि निरोप, संध्याकाळी तासभर फी आणि हजेरी. दिवसाला दीड तास. महिन्याचे 26 दिवस धरले तर 39 तास. हजार रुपयांत तासाला 26 रुपयेसुद्धा पडत नाहीत! त्यातून मोबाईलचं रिचार्ज जाणार, ते वेगळंच.

मग क्लासची बाजूही मांडली, कारण सरांचं पोटही त्यावरच आहे. समजा 60 मुलं, महिना 500 रुपये फी, म्हणजे 30,000 रुपये. त्यातून जागेचं भाडं, वीज, तबलजीचे पैसे. तासाला 100 रुपये दर धरला तर मदतनिसाचे 3,900 रुपये होतात. एका मुलामागं 65 रुपये. परवडतं का? फी वेळेवर वसूल झाली, चारदोन मुलं गळायची थांबली, तर परवडतं. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावात मुलं कमी असतील, फी कमी असेल. पण मांडणी हीच करायची.

आणि बोलणी करताना एवढं नक्की ठरवा. तास किती आणि कुठल्या वेळी. रिचार्ज कोण भरणार. परीक्षेच्या हंगामात काम दुप्पट होतं, त्याचे जादा पैसे किती. फी थेट क्लासच्या खात्यात जावी, तुमच्या खात्यात नको. मुलांचे फोन नंबर, जन्मतारखा बाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. आणि हे सगळं एका कागदावर, दोघांच्या सहीनं.

त्या मुलीनं हा कागद घेऊन सरांशी बोलणं केलं. 100 रुपयांवर जमलं नाही. 80 रुपये तास आणि वर रिचार्ज, यावर जमलं. म्हणजे महिन्याला 3,120 रुपये. सर म्हणाले, “आमच्या हिच्या कामाची किंमत आज कळली.” ते हसत म्हणाले, पण आम्हाला वाटतं त्यांच्या घरातही त्या दिवशी काहीतरी बोलणं झालं असेल.

पलुस्करबुवांच्या इमारतीचं काय झालं ते आपण पाहिलं. चांगलं काम असलं तरी हिशोब उघडा मांडावा लागतो. तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एक करा. घरातलं, गटातलं, क्लासचं, दुकानाचं जे लिहिण्या-बोलण्याचं काम तुम्ही फुकट करता, त्याचे तास एका वहीत टिपा. पुढच्या बैठकीत ती वही आणा. बेरीज आपण मिळून करू.